नाळे म्हणजे उद्या

शाळेचा मेसेज आला तेव्हा मी महादेवपुऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये, ऑफिसच्या कॅबमध्ये डोळे मिटून बसले होते. मुलगी तिसरीत. तिच्या वर्गाच्या बाईंनी कळवलं होतं की शाळा सुटल्यावर काही मुलांसाठी वाचनाचा जादा तास सुरू होतोय, तुमच्या मुलीचं नाव आम्ही सुचवतोय, शुक्रवारपर्यंत काय ते सांगा. भाषा इतकी गोड होती की वाईट बातमी आहे हे लगेच ओळखलं.

मी बाईंना फोन लावला. त्यांनी हिंदी-इंग्रजीत शांतपणे समजावलं. मुलगी पहिलं अक्षर बघते आणि उरलेला शब्द अंदाजाने ठोकते. ‘हॉर्स’ लिहिलेलं असेल तिथे ‘हाऊस’ म्हणते, आणि पुढची सगळी गोष्ट घरावर बेतून मोकळी होते. कन्नडच्या तासालाही तेच. हे ऐकून मला रागच आला. इंग्रजीचं एक वेळ मान्य, पण कन्नड? आमच्या घरात कन्नड वाचणारी ती एकटीच.

आम्ही पुण्याहून इथे आलो त्याला बरीच वर्षं झाली. नवरा आणि मी ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे ठीक, एवढ्या भांडवलावर रिक्षा आणि भाजी निभावून नेतो. लिपीच्या वाटेला कोणी गेलं नाही. घरमालक तळमजल्यावर राहतात. त्यांचा मोबाईलवर विश्वास नाही. काही सांगायचं असलं की कन्नडमध्ये चिठ्ठी लिहून लिफ्टजवळ चिकटवतात. पहिलीत गेल्यापासून ती चिठ्ठी मुलगी वाचायची. टाचा उंचावून, बोट फिरवत म्हणायची, “नाळे म्हणजे उद्या. उद्या पाणी येणार नाही.” आम्ही मुकाट्याने बादल्या भरायचो, आणि बहुतेक वेळा पाणी खरंच यायचं नाही.

रात्री जेवताना नवऱ्याने तोच मुद्दा काढला. त्याचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीला, म्हणजे घरी येतो तो पिळून काढल्यासारखा. एकदा पोरीला ढ मुलांच्या तासाला बसवलं की शिक्का बसला तो बसलाच, शिवाय उशिराच्या बसने येणार, खेळणार कधी, असं त्याचं म्हणणं. “आणि तिला वाचता येत नाही, तर दोन वर्षं आपल्याला चिठ्ठ्या कोण वाचून दाखवतंय?” तो म्हणाला. खरं सांगायचं तर मला यावर वाद नकोच होता. नाही म्हणावं आणि झोपावं, एवढंच वाटत होतं.

गुरुवारी संध्याकाळी लिफ्टजवळ नवी चिठ्ठी होती. मुलीने वाचली. उद्या पाणी नाही. झालं, आम्ही दोघं कामाला लागलो. बादल्या, पातेली, कुकर, तिचा लहानपणीचा टबसुद्धा भरला. एवढ्यात समोरच्या दारातल्या अक्का विरजण मागायला आल्या. अक्का चामराजपेटच्या जुन्या मराठी घरातल्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच; आता मुलाबरोबर आमच्या मजल्यावर राहतात. ओल्या फरशीवरून जपून येत त्यांनी सगळा पसारा पाहिला.

“एवढं नीर कशाला भरलं ग? उद्या खाली रंग देणार म्हणून लिहिलंय की. गाड्या काढा म्हणून,” त्या म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष मुलीकडे गेलं. “राहू दे, स्वल्प चुकलं असेल,” म्हणत त्या विरजण घेऊन निघून गेल्या.

नवरा स्कूटर हलवायला खाली गेला. मुलगी आतल्या पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. मी शेजारी बसले. वाचता आलं नाही तर तसं सांगायचं ना, म्हणाले. आवाज जरा चढलाच होता.

“शाळेत येतच नाही मला. घरी येतं,” ती म्हणाली. “तुम्हाला दोघांना येत नाही ना, म्हणून.”

शाळेत दिवसभर चुकत चुकत ही पोर घरी यायची, आणि लिफ्टपाशी तेवढी हुशार व्हायची. तिथे तिची चूक काढणारं कोणी नव्हतं. आणि आम्ही मात्र कौतुकाने बादल्या भरत होतो.

नवरा वर आल्यावर त्याला सांगितलं. तो भरलेल्या टबाकडे बघत म्हणाला, शाळेला हो कळव. मी तासाचं मुलीला सांगितलं, तर ती रडली नाही की भांडली नाही. तिने एवढंच विचारलं, “मग आता चिठ्ठ्या अक्का वाचणार?”

“नाही. तूच वाचायच्या. येईल तेवढं वाच, नाही आलं तर नाही म्हण,” मी म्हणाले.

तास सुरू झाले. उशिराच्या बसमधून ती दमून उतरायची, कॅबमधून मी तशीच उतरायचे. एकमेकींची दप्तरं सांभाळत लिफ्टपर्यंत कशाबशा पोचायचो. असंच एका संध्याकाळी तिथे चिठ्ठी दिसली. सवयीने मी थांबले.

“नाळे,” ती म्हणाली. पुढच्या शब्दावर बोट ठेवून ती कितीतरी वेळ ओठ हलवत राहिली. लिफ्ट आली आणि गेली. शेवटी बोट खाली घेत म्हणाली, “नाही येत.”

मी बरं म्हणाले. अक्कांचं दार वाजवता आलं असतं, पण तूच वाचायच्या असा तिला शब्द दिला होता. शिवाय पाय इतके दुखत होते की मला कोणाच्याच दारात उभं राहायचं नव्हतं. जेवलो आणि झोपलो.

सकाळी नळाने नुसता फुस्स आवाज काढला. नवरा तोंडाला साबण लावून बेसिनपाशी उभा. मुलगी हातात ब्रश घेऊन दारात आली, तिने एकदा नळाकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

“मला वाटलं होतं पाणीच असेल,” ती म्हणाली. “पण वाचता नाही आलं, म्हणून बोलले नाही.”

नवरा साबणाच्या तोंडानेच पिण्याच्या पाण्याची कळशी शोधत स्वयंपाकघरात गेला. “बरोबर केलंस,” म्हणत मी तिला जवळ घेतलं.