ताईंना पडलेलं मत

नगरच्या कॉलेजात, एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास, आमच्या वसतिगृहात पारनेरकडचा एक मुलगा होता. देशातल्या लोकशाहीची सगळी काळजी तो एकटाच वाहायचा. कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा घालून तो मेसच्या आचाऱ्यालाही हात जोडायचा, आणि चहा पाजणाऱ्याला मतदानाचं पवित्र कर्तव्य समजावून सांगायचा.

त्या वर्षी सरचिटणीसपदाला आमच्या वर्गातली एक मुलगी उभी राहिली. वाचनालय संध्याकाळी मुलींनाही उघडं असावं, एवढंच तिचं म्हणणं. समोर साखर कारखान्याच्या संचालकाचा मुलगा. आमच्या या गड्यानं तिचा खोलीखोलीतून प्रचार केला. मग संचालकांच्या जीपमधून आम्ही भंडारदऱ्याला कोंबडी खायला गेलो, तेव्हाही तोच पुढं होता. विरोधकांची मतं फोडायला गेलो, म्हणाला.

निकालात मुलीला एकच मत पडलं. तो गंभीर चेहऱ्यानं तिच्यापुढं उभा राहिला.

"ताई, वाईट वाटून घिऊ नका. ते एक मत माजं हाय."

तिनं शांतपणे विचारलं, "मग मी माझं कुणाला दिलं?"

तो जरासुद्धा अडखळला नाही.

"म्हंजी मोजनीत घोटाळा हाय!" असं ओरडत तो प्राचार्यांच्या खोलीकडे धावला, आणि तिला न्याय मिळावा म्हणून आम्ही सगळे घोषणा देत त्याच्यामागं गेलो.