आप्पांचा दम

लिव्हरमध्ये गाठ निघाली तेव्हा वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, फार चौकशी केली नाही. "कापाकापी न्हाई ना? मग करू," एवढंच म्हणाले. पुण्याच्या डॉक्टरांनी मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून थेट गाठीत औषध सोडलं. दुसऱ्या दिवशी घरी न्यायचं म्हणून मी माझ्या घरून, सणसवाडीहून, गाडी करून गेले, तर आप्पा उशीला टेकून बसलेले. ओठ निळसर. एकेक श्वास ओढून घेत होते.

गाठीत सोडलेलं ते तेलकट औषध थोडं लिव्हरमधून निसटून फुफ्फुसात गेलं होतं. क्वचित होतं असं, डॉक्टर म्हणाले. आधी सांगितलंही होतं, पण तेव्हा आमचं सगळं लक्ष गाठीकडे.

"दुखणं पोटात, आन् दम छातीत का लागतोय गं?" आप्पांनी विचारलं. मी समजावलं. त्यांनी ऐकून डोळे मिटले.

आप्पा कासुर्डीला आपल्या घरी आले ते ऑक्सिजनचं मशीन घेऊनच. शेवंतीच्या रानातून पार रस्त्यापर्यंत हाक मारणारा माणूस आता पाणी मागतानाही मध्येच थांबायचा. नळी पुन्हा घालायला डॉक्टरांनी नको म्हटलं; फुफ्फुसांना झेपलं नसतं. गाठ वाढत राहिली.

दुपारी लाइट गेली की मशीन बंद पडायचं. सिलिंडर होता, पण तो जोडेपर्यंत आईची धांदल उडायची. एकदा शेजारच्या रानातून चुलत्यांनी ते पाहिलं. बांधाच्या भांडणावरून दोघा भावांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. संध्याकाळी चुलते आपल्या इन्व्हर्टरची वायर ओढत आमच्या ओसरीवर आले.

"दादा, आता मशीन बंद पडायचं न्हाई."

आप्पांनी सरकून शेजारी जागा केली. मग म्हणाले, "बस. च्या घे."

तेव्हापासून चुलते रोज येऊन बसत. पाऊस, बाजारभाव, काहीबाही बोलत. आप्पा मान हलवत.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी, फुलांची तोडणी चालू असतानाच आप्पा गेले. मी पोचले तेव्हा शेवंतीचे क्रेट ओसरीवर तसेच पडलेले, टेम्पोवाला दारात घुटमळत होता.

"तोडलेली फुलं ठिवून काय करायचं," आई म्हणाली. "जाऊ द्या."

चुलत्यांनी एकेक क्रेट टेम्पोत चढवला. शेवटचा ठेवला आणि टेम्पोच्या फाळक्याला धरून तिथंच मोठ्यानं रडले. इतक्या महिन्यांत आमच्या घरात कुणी तसं रडलं नव्हतं.