सरप्राइज म्हणजे झडप

मंडळी, मी सांगून राह्यली अन् नात लिहून राह्यली. आमी दोघी आतून कडी लावून बसलो.

सकाळी माह्या लेकानं, तिच्या बापानं, तिले सांगितलं, "संध्याकाळी सरप्राइज आहे, साडी नेस." आता बैठकीत तिले पाहायले आलेले पाहुणे चिवडा खाऊन राह्यले.

नातीनं मोबाइलात शोधलं. "आजी, सरप्राइजचा मूळ अर्थ झडप घालून पकडणं!"

"मले विचारायचं ना! बाहत्तर साली मायनं मले पापड लाटायले म्हणून रिसोडले नेलं, अन् साक्षगंध, साखरपुडाच म्हण ना, उरकून टाकलं. हाताचं पीठही धुऊ देलं नाही."

लेकानं दार ठोकलं. "माय, पाहुणे काय म्हणतील?"

"पोरगी काय म्हणते, ते विचारलं काय?"

कडी अजून लागूनच आहे. बायांनो, तुमी कडी काढली असती काय?