फिलूआतेचा निरोप

“थंय देवाकडे तरी ती ओळ म्हणता आसतली काय गो?” फिलूआतेला जाऊन महिना झाला म्हणून ठेवलेल्या मिसाच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या व्हरांड्यात एक बाई दुसरीला विचारत होती. दुसरी हसली. “नाय म्हणूची. देवाकच गप्प करतली.” मी खांबाआड उभी होते, त्यांना दिसले नाही.

फिलूआते माझ्या वडिलांची थोरली बहीण. मालवणच्या बाजारात तिने जन्मभर मासळी विकली. आमच्या इंग्रजी शाळेत प्रभूची प्रार्थना आम्ही एका दमात म्हणून टाकायचो, त्यामुळे चर्चमध्ये तिच्या शेजारी बसायला लागेपर्यंत मला कळलंच नव्हतं की त्या प्रार्थनेत आपण देवाला केवढा शब्द देतो... आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर. त्या ओळीला आते ओठ मिटायची आणि पुढच्या ओळीला पुन्हा सुरू व्हायची. कारण सगळ्या वाडीला ठाऊक होतं. तिचा एकुलता एक मुलगा, जुझे, पास्कूकाकांच्या होडीवर जायचा. एका सकाळी लिलावाला सगळ्यांच्या आधी पोचायचं म्हणून पास्कूकाकांनी नेहमीचा वळसा सोडून ऐन ओहोटीत खडपांमधून होडी घातली. होडी फुटली. बाकीचे पोहून आले, जुझे आला नाही.

निदान ओठांनी तरी म्हण, मन मागून येईल, असं फादरनी तिला एकदा समजावलं. ती म्हणाली, “देवाक तोंडार खोटा सांगू, फादर?”

मला ती कठोर वाटायची. मग पास्कूकाकांची बायको तापाने आडवी झाली, तेव्हा आते रोज पेज घेऊन त्यांच्या घरी जायला लागली. म्हणजे माफ केलंस का, मी धीर करून विचारलं. नाही, म्हणाली. तिला पेज हवी होती म्हणून नेली. माफी काही चुलीवर ठेवून शिजत नाही.

शेवटच्या आठवड्यात तिने मला जवळ बोलावलं. पास्कूकाका तेव्हा गोव्याला ट्रॉलरवर होते. “पास्कूक सांग, माज्या मनात आता काय रवला नाय.” एवढं बोलून तिने पाणी मागितलं.

ते परतले तोवर आतेला पुरून झालं होतं. महिनाभर मी तो निरोप दिला नाही. लाजाळू म्हणून सगळे मला सांभाळून घेतात, मीही स्वतःला तसंच घेतलं. खरं तर कारण लाज नव्हती; मला पोहायला जुझेने शिकवलं होतं. जी माफी द्यायला आतेला दहा वर्षं लागली, ती मला माझ्या तोंडून एका वाक्यात देऊन टाकावी लागणार होती. चर्चमधल्या धर्मशिक्षणाच्या, कॅटेकिझमच्या वर्गात क्षमा म्हणजे पुसलेली पाटी, असं काहीसं शिकले होते. आतेने काहीच पुसलं नव्हतं. जुझेचे शर्ट शेवटपर्यंत तिच्या पेटीत घडी करून ठेवलेले होते... आणि तरी तिने निरोप दिला.

मिसाच्या दुसऱ्या दिवशी मी किनाऱ्यावर गेले. पास्कूकाका जाळं शिवत बसले होते. मी निरोप सांगितला. त्यांचे हात थांबले. मान खाली ठेवूनच त्यांनी विचारलं, “आणि तुज्या मनात गो?”

गप्प राहणं मला सहज जमलं असतं.

“माज्या मनात अजून आसा,” मी म्हटलं. “तरी घराक येवा, काका.”