खारट पोळ्यांची तक्रार

हातातलं लाटणं ती आडवं धरायची. उगारायची नाही हं, नुसतं आडवं, रेल्वेचं फाटक पडतं तसं. आणि म्हणायची, "विचारून झालं? आता सांगा, पोळ्या किती?"

कर्वेनगरात आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. संध्याकाळ झाली की गिऱ्हाइकांची रांग लागते. ती लाटायची, मी भाजायची. अशी आमची जोडी कित्येक वर्षं चालली. मध्ये तवा आणि पलीकडे ती, त्यामुळे तिचा चेहरा जितका मी पाहिलाय तितका तिच्या नवऱ्यानंही पाहिला नसेल. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. सगळी गिऱ्हाइकं तिला मावशी म्हणायची. मला ती ताई म्हणायची, कारण मी थोरली.

तिला एकच मुलगा, मंदार. बी.कॉम.ला होता. पहाटे उठून टेकडीवर पळायला जायचा. आम्हाला वाटायचं, आजकालची पोरं, शरीर कमवतायत. एके दिवशी केंद्रावर आला आणि आईला म्हणाला, "आई, मी मिलिटरीच्या भरतीत पास झालो. शिपाई म्हणून जातोय."

तिच्या पोळपाटावर अर्धी पोळी होती. ती तिनं पुरी लाटली, माझ्या तव्यावर टाकली, मग त्याच्याकडे बघितलं.

"नक्की?"

"नक्की."

"बरं. लोक विचारणार. त्यांची उत्तरं मी देते. तू तुझं बघ."

पोरगं गेलं, आणि खरोखरच, त्या दिवसापासून उत्तरांचं खातं तिनं सांभाळलं.

आता आपल्या लोकांना तुम्ही ओळखता. पंधरा ऑगस्टला मोबाइलवर झेंडा, सैनिकाचा फोटो, खाली हात जोडलेले. पण शेजारचा मुलगा खरोखर सैन्यात गेला की यांना शंभर प्रश्न पडतात. देशाभिमान हवा, पण तो दुसऱ्या गल्लीतला! रांगेत पिशवी घेऊन उभं राहायचं, घसा खाकरायचा आणि सुरुवात करायची.

"अहो मावशी, मुलगा हुशार होता ना तुमचा?"

"होता नाही, आहे. म्हणून तर घेतला त्यांनी."

"पण ऑफिसर म्हणून गेलाय ना?"

"नाही, शिपाई. सगळेच ऑफिसर झाले तर पहाऱ्याला कोण उभं राहणार, तुम्ही?"

एक बाई फार हळव्या आवाजात म्हणाल्या, "एकुलता एक हो तुमचा!" तर ही म्हणाली, "मग काय झालं? दोन असते तर एक जादाचा होता म्हणून दिला, असं म्हणायचं होतं का मी?" बाईंनी पोळ्या घेतल्या आणि सुटे पैसे न घेताच गेल्या.

समोरच्या सोसायटीच्या ए विंगमधले एक पेन्शनर आजोबा आमचे रोजचे. पोळीला पदर सुटले नाहीत तर पोळी परत आणून दाखवणारे. त्यांनी एकदा विचारलं, "भीती नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते की. तुमचा नातू कोथरूडच्या रस्त्यावरनं दुचाकी हाणतो, तेव्हा तुम्हाला नाही वाटत?"

"ते वेगळं."

"वेगळंच आहे. माझ्या मुलाच्या डोक्यावर लोखंडी टोपी तरी असते."

सगळ्यात मोठे प्रश्नकर्ते म्हणजे तिचे दीर. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, शब्दाला वजन असलेले. ते केंद्रावर यायचे ते रांगेत उभे न राहता, थेट ओट्यापाशी. "वहिनी, अजून ट्रेनिंगच चालू आहे. सोडता येतं. माझ्या ओळखीत एक नोकरी आहे, एसीत बसायचं काम आहे. तुम्ही एक शब्द टाका, तो तुमचं ऐकेल."

"ऐकेल, म्हणूनच टाकत नाही," ही म्हणाली.

"अहो, पण आईला प्रश्न विचारायचा हक्क आहे!"

"हक्क माझ्या एकटीचाच आहे, भावजी. आणि मी तो वापरत नाही. मग बाकीच्यांनी कशाला वापरायचा? बाजूला व्हा थोडं, मागे माणसं उभी आहेत."

मी तव्याआडून हसले. पण त्या रात्रीच्या पोळ्या जरा जाड होत होत्या, हे मी पाहिलं होतं. तिच्या तोंडून काही कळायचं नाही. कळायचं ते पोळीवरून. मन ठिकाणावर असलं की तिची पोळी अशी पातळ की खालचा पोळपाट दिसावा.

एकदा मात्र वेगळंच झालं. नवीनच राहायला आलेली एक बाई होती, साधी, कमी बोलणारी. सगळ्यांचं ऐकून शेवटी म्हणाली, "माझा भाऊ होता मिलिटरीत. मावशी, कधी काही सुरू झालं आणि फोन आला नाही, तर टीव्ही लावू नका. ते लोक ओरडतात फक्त." त्या "होता"वर ही थांबली. लाटणं आडवं धरलं नाही. त्या बाईच्या पुड्यात दोन पोळ्या जास्त घातल्या, एवढंच.

आणि मग सीमेवर खरोखरच लढाई सुरू झाली. मंदार तेव्हा तिकडेच होता. कुठे, ते सांगायची त्यांना परवानगी नसते. त्याचा फोन बंद. हिनं घरातला टीव्ही बंद केला, नवऱ्याचं वर्तमानपत्र माळ्यावर टाकलं आणि वेळेवर कामाला आली. मी म्हटलं, "अगं, थांब चार दिवस घरी." तर म्हणाली, "ताई, तो कामावर आहे. मी घरी बसून काय करू, त्याच्याऐवजी घाबरू?"

त्या दिवशी रांगेत कुणी काही विचारलं नाही. इतकी शांतता की तव्यावर पोळी फुगलेली ऐकू यावी. एरवी भाजीत बटाटा कमी पडला तर भांडणारे लोक, पण सगळे पुडा घेत होते, मान हलवत होते, जात होते.

रात्री केंद्र आवरून मी आमच्यासाठी ठेवलेली पोळी खाल्ली आणि पहिल्याच घासाला थांबले. कणकेत मीठ दोनदा पडलं होतं. सगळ्याच्या सगळ्या पोळ्या खारट. समुद्र! ती माझ्याकडे बघत होती. तिनंही एक तुकडा तोंडात घातला.

"एकही परत आली नाही," ती म्हणाली.

"उद्या येतील तक्रारी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तक्रार आली नाही. आता तुम्हीच सांगा, पुण्यात! खारट पोळी खाऊन माणूस गप्प बसतो? आजोबा आले. रोजच्या चार पोळ्या मागितल्या.

"कालच्या कशा होत्या?" तिनं विचारलं.

"छान होत्या."

"आजोबा, खोटं बोलू नका. खारट होत्या."

"म्हणजे... जरा..."

"मग बोलला का नाहीत?"

आजोबा पिशवीचे बंद चाळवत राहिले. "म्हटलं, तुमची मनःस्थिती..."

तिनं लाटणं खाली ठेवलं. आवाज चढला, पण रागाचा नव्हता तो. "अहो, माझा मुलगा नोकरीवर आहे. हयात आहे. तुम्ही सगळे असे गप्प झालात की मला वाटतं, तुम्हाला काहीतरी कळलंय आणि मलाच ठाऊक नाही. कालपासून माझ्या छातीत धडधडतंय ते त्या सीमेमुळे नाही, तुमच्या 'छान होत्या'मुळे! मुलगा मी पाठवलाय तो तुमची दया घ्यायला नाही. रोज भांडता तसे भांडा. म्हणजे सगळं जागेवर आहे असं वाटतं."

रांग हबकली. ती आत गेली आणि खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर कोळशानं लिहून घेऊन आली. बाहेर खिळ्याला लटकावला: "कालच्या पोळ्या खारट होत्या. तक्रारी आजच कराव्यात. नंतर ऐकून घेतल्या जाणार नाहीत."

मग काय विचारता! एकाला दोन पाण्याच्या बाटल्या प्याव्या लागल्या. एक मुलगी म्हणाली, "मावशी, रूममेटनी तर साखर लावून खाल्ली." कुणाची भाजी अळणी म्हणून बरं झालं. ही प्रत्येकाला मान देऊन ऐकत होती, "बरं," म्हणत होती. सगळ्यांत शेवटी आजोबा पुन्हा पुढे आले.

"खारट तर होत्याच. शिवाय कडा कच्च्या होत्या."

"कडा कच्च्या नव्हत्या!" ही एवढ्या जोरात ओरडली की पलीकडच्या इस्त्रीवाल्यानं वाकून बघितलं. "कडा ताई भाजतात! आजवर कधी कच्च्या राहिल्यात? मीठ माझं चुकलं, ते कबूल. कडेबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही!"

आजोबा खुशीत हसले आणि म्हणाले, "बरं, मग दोन जादा द्या." माझ्या तव्यावर त्या दिवशी पहिली पातळ पोळी पडली.

फोन त्यानंतर काही दिवसांनी आला, ऐन गर्दीत. तिचे हात कणकेत. मी फोन तिच्या कानाला धरला.

"हं. जेवलास? ... झोप होते का? ... नाही रे, इथे सगळे मजेत. भांडतायत. ... बरं, गिऱ्हाईक आहे, ठेव."

मी फोन बाजूला घेतला. ती आतल्या खोलीत गेली आणि माझ्याकडे पाठ करून पिठाच्या डब्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मी रांगेला म्हटलं, "पाच मिनिटं लागतील." कुणी का म्हणून विचारलं नाही. गप्प राहायची तेवढी मुभा मी त्यांना दिली, तिला न विचारता.

आता ती केंद्रावर नसते. मंदारचं लग्न झालं, त्याची बदली जरा शांत ठिकाणी झाली, राहायला जागा मिळाली, सून गरोदर आहे. बोलावणं आलं आणि नवरा-बायको दोघं उत्तरेकडे गेले. तिच्या जागेवर नवीन बाई आहेत. चांगल्या लाटतात. गिऱ्हाईक काही विचारायला लागलं की बिचाऱ्या माझ्याकडे बघतात.

तिला सोडायला मी पुणे स्टेशनवर गेले होते. तिचे दीरही आले होते, एवढं त्यांचं कौतुक करायला हवं. गाडी सुटायच्या बेतात होती. ती खिडकीशी बसलेली, मांडीवर लाडवांचा डबा. मला वाटलं, आता तरी दोन गोड शब्द बोलतील. तर दीर खिडकीच्या गजांना धरून म्हणाले, "वहिनी, आता बाळ येतंय. मंदारला म्हणावं, झाली तेवढी सेवा पुरे. अजून विचार करा."

गाडी हलली. तिनं गजांमधून हात बाहेर काढला. मी निरोपाला हात वर केला, पण तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तर्जनी रोखून ती दिरांना काहीतरी ठणकावून सांगत होती. दीर गाडीबरोबर दोन पावलं चालले, मग भराभर चालले, कारण अर्धं वाक्य ऐकून थांबायची त्यांच्यासारख्या मोठ्या माणसाला सवय नव्हती. मला चाकांच्या आवाजात एक अक्षर ऐकू आलं नाही. गाडीचा डबा पुढे निघून गेला तरी तो हात दिसत होता, वर-खाली, वर-खाली. आणि फलाटाच्या टोकाला आमचे वजनदार भावजी धापा टाकत उभे होते, रिकाम्या रुळांकडे बघून म्हणत होते, "बरं, बरं. बरं, वहिनी."