विश्रामभाऊंची पिल्लं

विश्रामभाऊ धनावडे यांच्यासाठी मी युनियनची वीस माणसं घेऊन प्रयोगशाळेच्या गेटवर उभी होते, आणि त्यांनीच मला गप्प बसवलं. आजवर हे कुणाला जमलेलं नाही.

भाऊ साताऱ्याकडचे. सैन्याच्या दवाखान्यात बाटल्या धूत धूत प्रयोगशाळेचं काम शिकले, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि पिंजौरला खोली घेऊन राहिले. रोज बसने चंडीगडला एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून जायचे. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाचं इवलंसं हृदय काढायचं, त्याच्या पेशी सुट्या करून काचेच्या बशीत वाढवायच्या. दोन दिवसांत एकेक पेशी आपली आपण धडधडू लागते. भाऊ त्यांना 'माझी पिल्लं' म्हणायचे. त्यांची बायको सुमनताई वैतागायची, "पिल्लांची आठवण राहते, दळणाची राहत नाही!"

जुन्या साहेबांची शिस्त होती: सूक्ष्मदर्शकाचा दिवा मंद, पुढे हिरवी काच, बघून झालं की दिवा बंद. अठ्ठ्याहत्तर साली डॉक्टर नरेश बावेजा आले, सोबत झगझगीत नवा दिवा. भाऊ सवयीने तो बंद करायला गेले, तर साहेब कडाडले, "यह कंजूसी छोड़ो विश्राम! बार-बार बुझाओगे तो लैंप खराब होगा." हिरवी काच ड्रॉवरमध्ये गेली.

आणि पेशी डोळ्यांदेखत मरू लागल्या. आधी धडधड थांबायची, मग पेशी आक्रसून गोळा व्हायची. बावेजांनी निदान केलं: बशीला साबण राहतो. बशा धुणाऱ्या भाऊंना मेमो आला. दुसरा आला. तिसऱ्यात लिहिलं होतं, आठ दिवसांत खुलासा करा, नाहीतर नोकरी संपली.

माझी शाळा चौथीपर्यंत, पण मेमोची भाषा मला पक्की कळते. भाऊंचा संशय नव्या दिव्यावर होता. दिवा साहेबाचा, मेमो मदतनिसाला! मी फलक रंगवून घेतले.

भाऊ गेटवर आले. "वहिनी, घोषणा नंतर. आधी आत येऊन डोळा लावा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"धडधडतंय की नाही, एवढं कळतं ना? मग झालं."

आत बावेजा मला बघून उखडले, "यह नेताजी अंदर कैसे?"

"गवाह हैं, साहब," भाऊ म्हणाले.

त्यांनी एकच बशी घेतली. नवा दिवा तिच्यावर वीस मिनिटं तसाच पडू दिला. उजेड पडला तेवढ्या तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेला खालून शाईची खूण केली. मग तो दिवा झाकून जुना मंद दिवा आणि हिरवी काच लावली. "साहब, पहले आप."

बावेजांनी पाहिलं. सगळं निपचित. "देखा? साबुन!"

भाऊंनी बशी किंचित सरकवली. "अब खूण के बाहर देखिए."

बावेजा बराच वेळ वाकून राहिले. मग मी त्यांना जवळजवळ ढकलूनच डोळा लावला. अहो, काय सांगू! खुणेबाहेर प्रत्येक पिल्लू आपल्या लयीत टकटक करत होतं. खुणेच्या आत एकही नाही.

"साबुन क्या गोल घेरा खींचकर मारता है, डॉक्टर जी?" मी विचारलं.

"गरमी होगी," ते पुटपुटले.

"गरमी रोकने को पानी की शीशी बीच में है ना, साहब. आपने ही रखवाई," भाऊ हळूच म्हणाले. "उजाला ही ज्यादा पड़ता है बेचारों को."

बावेजांनी स्वतः ड्रॉवर उपसून हिरवी काच काढली. दुसऱ्या दिवशी तिन्ही मेमो लेखी रद्द झाले.

मी अडून बसले. "लेखी माफी घेतल्याशिवाय सोडायचं नाही, भाऊ!"

"माफी घेऊन कुठं ठेवू, वहिनी? मला एक पत्रा पुरे."

तुपाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी दिव्यापुढे बिजागरीवर झडप बसवली. दिवा जळत राहायचा, उजेड मात्र भाऊ सोडतील तेवढाच. या नोकरीतून निवृत्त होईपर्यंत ते त्या झडपेवर बोट ठेवून उभे असायचे.

"बस साहब, अब उनको साँस लेने दो," असं म्हणून ते झडप पाडायचे. आणि बावेजा, तेच बावेजा, मुकाट्याने मान वर करायचे.