मोरे, मोर आणि राव

नोकरीतली बहुतेक प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र जसेच्या तसे डोळ्यांपुढे आहे. त्याबद्दल तेव्हा जे लिहायचे टाळले, ते आता लिहितो. माणसांची नावे देत नाही. आडनावही बदलले आहे, पण सगळा घोळ आडनावाचाच असल्याने त्याला 'मोरे' म्हणू.

मी दिल्लीच्या हरियाणाकडच्या टोकाला एका ठाण्याचा एसएचओ, म्हणजे ठाण्याचा प्रमुख, होतो. ओळखीचे एक मराठी गृहस्थ तिथल्या नव्या गृहनिर्माण सोसायटीचे सचिव होते. एका सकाळी त्यांचा फोन आला. "साहेब, तुमच्या हद्दीत एक भामटा मराठा म्हणून मिरवतोय. आमच्या प्लॉटमधली समाधी त्याच्या पूर्वजांची आहे म्हणे. त्याचं आडनाव राव, इंग्रजांच्या काळच्या दप्तरात मालक मोरे. आणि बाबा प्रतिज्ञापत्रावर लिहितो, दोन्ही एकच."

दुपारी लेखी तक्रार आली. फसवणूक आणि बनावट कागदपत्रे अशा कलमांखाली मी गुन्हा नोंदवला आणि माणसाला उचलून आणले. सत्तरीचा, साफा बांधलेला शेतकरी. समाधी पाडू नये म्हणून त्याने दिवाणी कोर्टात अर्ज केला होता आणि त्याची सुनावणी तोंडावर आली होती.

कागद बघण्याआधी मी त्याचे मराठी तपासले. मी स्वतः मराठी, मला कोण फसवणार, असा तोरा होता.

"तुमचं मूळ गाव कोणतं?"

"जी?"

"गाव. कुलदैवत. काही सांगता येतं?"

तो अर्थ विचारायला शेजारच्या हवालदाराकडे वळला. हवालदार म्हणाला, "सर, इससे ज़्यादा मराठी तो मैं बोल लूँ, आपकी डाँट खा-खाकर." सगळे हसले. मीही हसलो.

म्हातारा शांतपणे म्हणाला, "पाँच पीढ़ी यहाँ रहके देखो, साहब. फिर पूछेंगे आपके पोतों से."

माझी मुलगी तेव्हा शाळेतून येऊन "आई, मी थक गेले" म्हणायची. त्या क्षणी ते मला आठवले नाही. मी रिमांड मागितला आणि तो मिळाला. सुनावणीला तो हजर राहू शकला नाही, अर्ज निकाली निघाला आणि सोसायटीने समाधीचा चौथरा उखडला.

हे मला कळले त्याच दिवशी त्याची बायको डबा घेऊन ठाण्यात आली. सोबत त्याचा धाकटा भाऊ होता. ती बाकावरून उठेना. भाऊ तिला म्हणाला, "वैनी, तू घर जा. मैं बैठा सूँ अड़े."

मी फाईल बंद केली. "इन्हें क्या कहा तुमने?"

"वैनी कहा जी. बड़े भाई की घरवाली है."

"गाँव में सब क्या कहते हैं?"

"और तो सारे भाभी कहवैं. म्हारे घर में वैनी चालै है. क्यूँ, गलत है के?"

मी उठून जीप काढली आणि महसूल कार्यालय गाठले. जुने दप्तर उर्दू लिपीत होते, दुभाष्याकडून वाचून घेतले. सर्वांत जुन्या नोंदीत 'मोरे'. पुढच्या बंदोबस्तात, म्हणजे जमिनीच्या फेरनोंदणीत, उर्दूतले शेवटचे अक्षर 'ये' गळून 'मोर'. त्याच्या पुढे बाजीराव, मानाजीराव या नावांतला 'राव' कुणा लेखनिकाने आडनाव समजून वेगळा लिहिलेला. त्या भागात राव म्हणवणारी घराणी पुष्कळ, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पण प्रत्येक नोंदीत मुलाच्या नावापुढे बापाचे नाव होते, आणि बाप-मुलाची ती ओळ म्हाताऱ्यापर्यंत कुठेही तुटत नव्हती. त्याचे प्रतिज्ञापत्र शब्दन्‌शब्द खरे होते.

तो सुटला. मी मात्र अंतिम अहवालात लिहिले, 'आरोपीविरुद्ध पुरेसा पुरावा मिळाला नाही.' तक्रार खोटी होती असे लिहिले असते, तर अटकेचा जाब मला द्यावा लागला असता. त्या एका वाक्याने मी सुटलो आणि तो संशयित राहिला. जागेसाठी त्या दोघा भावांनी लावलेल्या दाव्यात सोसायटीचे वकील वर्षानुवर्षे तेच वाक्य वाचून दाखवत आले. म्हातारा त्यातच गेला.

यंदा मी धाकट्या भावाला शोधले आणि त्याच्या बाजूने साक्ष दिली. नोंदी कशा जुळल्या, अहवालात काय लिहायला हवे होते आणि का लिहिले नाही, सगळे सांगितले. दाव्याचा निकाल अजून लागायचा आहे. कोर्टाबाहेर त्या म्हाताऱ्याची बायको बसली होती. मी माफी मागू लागलो, तेव्हा तिने हातानेच थांबवले.

"जज ने लिख लिया?"

"लिख लिया."

"के लिख्या?"

"कि वो सच बोल रहे थे."

"फेर ठीक सै," ती म्हणाली आणि दिराला हाक मारून बसच्या दिशेने निघाली.

नवे अधिकारी कधी भेटतात, काही सांगा म्हणतात. मी सांगतो, माणूस कोण आहे हे ठरवायची वेळ आली तर त्याची बोली ऐकत बसू नका, आधी त्याच्या बापाचे नाव विचारा. आणि तो निर्दोष निघाला, तर 'निर्दोष' हाच शब्द लिहा.